आवाजाची बारी

रोज रात्री साडेनऊला स्टुटगार्टहून लेकीचा फोन येतो. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात पाच. ऑफिसातून घरी जाता जाता ती बोलते, मी इकडे ओटा आवरत ऐकते. दोन वर्षांपूर्वी या फोनला काहीतरी झालं. दहा मिनिटं नीट जायची आणि मग तिचा आवाज तुटायला लागायचा. आधी यंत्रातून आल्यासारखा, मग नुसते अक्षरांचे तुकडे, मग दोन सेकंद काहीच नाही आणि मग अडकलेलं सगळं एकदम. आम्ही दोघी एकाच वेळी बोलायला लागायचो, एकाच वेळी थांबायचो. ‘आई, तू पाण्याखालून बोलतेयस’, असं ती म्हणायची.

मी १९८१ साली टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढे खात्याच्या परीक्षा देत एक्स्चेंजच्या देखभालीकडे गेले. तीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज एकमेकांपर्यंत नीट पोचावेत एवढंच काम केलं. त्यामुळे माझ्याच घरात माझ्याच मुलीचा आवाज फाटलेला ऐकणं मला फार लागलं. या लेखात जे आहे ते त्या दोन वर्षांतल्या शोधाचं आहे.

नाशिकचं आमचं घर दोन मजली. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई, वर दीर-जाऊ आणि पुतण्या. पुतण्या लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतो. नेटची लाईन मात्र एकच, स्थानिक केबलवाल्याची: डाउनलोड ४० मेगाबिट, अपलोड ८. त्या एका लाईनवर नऊ मोबाईल, दोन टीव्ही, दोन लॅपटॉप, पुतण्याचा मोठा कॉम्प्युटर आणि फाटकावरचे तीन कॅमेरे. आवाज तुटायला लागल्यावर आमच्या ह्यांनी जे सगळे करतात तेच केलं, प्लॅन वाढवला. डाउनलोड दुप्पट झालं, अपलोडही १६ झालं. आवाज तसाच तुटत राहिला. फरक एवढाच की तुटण्याचा काळ थोडा आखूड झाला. पुढच्या महिन्यात आम्ही जुन्या प्लॅनवर परत आलो, पण तो ‘थोडा आखूड’ माझ्या डोक्यात राहिला, कारण उत्तर तिथेच होतं.

आधी एक हिशेब. फोनच्या आवाजाला किती जागा लागते? एक्स्चेंजमध्ये आम्ही सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचं माप घ्यायचो, प्रत्येक माप ८ बिटांचं, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. जी.७११ म्हणतात ती हीच पद्धत आणि इंटरनेटवरच्या फोनमध्ये ती आजही चालते. तिथे आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा १६० बाइटचा, त्यावर पत्ता वगैरे मजकुराचे ४० बाइट. असे ५० तुकडे सेकंदाला, म्हणजे एकूण ८० किलोबिट. आमच्या ८ मेगाबिटच्या अपलोडमध्ये असे शंभर फोन एकाच वेळी बसतील. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ओपस ही नवी पद्धत तर याच्याहून कितीतरी कमी जागेत याहून चांगला आवाज देते. मग शंभर फोनांची जागा असलेल्या लाईनवर एक फोन का गुदमरावा?

इथे जुन्या एक्स्चेंजची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी लागले तेव्हा ट्रंक बोर्डावर दोरीला लावलेले प्लग आणि समोर भोकांच्या ओळी. नाशिकहून नागपूरला बोलायचं तर आधी कॉल ‘बुक’ करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार आणि त्या क्रमाने चढते दर. चिठ्ठ्या आमच्यासमोर रचलेल्या असायच्या आणि नंबर लागला की दोन टोकं जोडून आम्ही मधून बाजूला व्हायचो. दर तीन मिनिटांनी फक्त ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणायला आत यायचो. एकदा लाईन जोडली की ती त्या दोघांची. पुढे डिजिटल यंत्रं आली तेव्हाही हे तत्त्व बदललं नाही. एका तारेवर ३० जणांचं बोलणं जायचं, पण प्रत्येकाला दर १२५ मायक्रोसेकंदांनी आपली ठरलेली जागा मिळायचीच. तुम्ही गप्प बसलात तरी ती जागा रिकामी धावायची, दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. आरक्षणाच्या डब्यासारखं होतं ते. वाट बघायची ती स्टेशनावर, बोलणं सुरू होण्याआधी. एकदा आत बसल्यावर धक्काबुक्की नाही.

इंटरनेटला आरक्षण नाही. तिथे प्रत्येक तुकडा, ज्याला पॅकेट म्हणतात, तो जनरलच्या डब्यातला प्रवासी. आवाजाचं पॅकेट, सिनेमाचं पॅकेट आणि पुतण्याच्या लग्नाच्या अल्बमचं पॅकेट राऊटरच्या दारात एकाच रांगेत उभी राहतात. सारी गोम या रांगेत आहे आणि गेली दोन वर्षं माझं मन तिथेच गुंतलेलं आहे.

रांगेत किती वेळ गेला तर चालतो, याचाही हिशेब आहे. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलण्याची लय टिकते, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं जी.११४ हे मानक सांगतं. ४०० च्या पुढे तर जाऊच नये. उपग्रहावरून येणारे जुने परदेशी कॉल आठवा: ३६,००० किलोमीटर वर आणि तितकंच खाली, एका बाजूलाच पाव सेकंद. ‘हॅलो’ म्हणून थांबावं लागायचं. आता समुद्रातल्या केबल आहेत आणि मुंबईत त्यातल्या अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागतात. मी मुद्दाम गेले होते बघायला. दिसत काही नाही. वाळू, होड्या, वाळत घातलेली मासळी. पण आपली लेक याच वाळूखालून बोलते हे कळून तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. त्या काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. वळसे धरून जर्मनीपर्यंतची वाट १०,००० किलोमीटरची समजली, तर ५० मिलिसेकंद तिथेच गेले. तुकडा भरायला २०. पलीकडच्या फोनमध्ये आवाज जरा साठवून एकसारखा सोडतात, त्यात ४० धरा. हे साठवणं म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं: नळाला पाणी कसंही आलं तरी घरात धार सारखी. बेरीज झाली ११०. म्हणजे समुद्र, काच आणि यंत्र यांचं देणं देऊन माझ्या हातात उरले ४० मिलिसेकंद. आणि नाशिकच्या माझ्या घरातली रांग त्यातले किती खात होती?

एका रात्री मी मोजलं. कॉम्प्युटरवर पिंग चालू ठेवलं. म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवायचं आणि ते परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. नऊ वाजता १८ मिलिसेकंद दाखवत होतं. नऊ चाळीसला आकडा २०० झाला, मग ६००, मग ११०० च्या पुढे जाऊन तिथेच बसला. मी जिना चढून वर गेले. पुतण्या जेवण आटोपून दिवसभराचे फोटो नवऱ्या मुलाच्या घरच्यांना पाठवायला नुकताच बसला होता. ‘काकू, मी तर फक्त अपलोड लावलंय, बघत काहीच नाहीये’, तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. घरात कुणाला काही बघताना अडचण नव्हती. अडचण बाहेर जाणाऱ्या वाटेवर होती. त्याला एका मिनिटासाठी थांबव म्हटलं. खाली येईपर्यंत आकडा पुन्हा १८.

पॅकेट हरवतच नव्हतं. ते एक सेकंद कुठेतरी उभं राहत होतं. ते ‘कुठेतरी’ म्हणजे केबलवाल्याने दिलेल्या मोडेमची स्मृती, म्हणजे त्याचा बफर. समजा त्या डबीत १ मेगाबाइट बफर आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट आणि आमचं अपलोड सेकंदाला ८ मेगाबिट. बफर भरला की रिकामा व्हायला बरोबर एक सेकंद लागणार. पुतण्याची साडेसहाशेहून जास्त मोठी पॅकेटं पुढे उभी आणि त्यांच्या शेपटीला माझं दोनशे बाइटचं ‘जेवलीस का गं?’ अपलोड १६ केलं तेव्हा तोच बफर अर्ध्या सेकंदात रिकामा व्हायला लागला आणि फोटोही लवकर संपायला लागले. ‘तुटण्याचा काळ थोडा आखूड झाला’ तो असा. पण अर्धा सेकंद म्हणजे ५०० मिलिसेकंद आणि माझ्या हातात आहेत ४०.

एवढा मोठा बफर ठेवला कुणी आणि का? स्मृती स्वस्त झाली. पॅकेट टाकून देणं वाईट, साठवून ठेवणं चांगलं, असं यंत्र बनवणाऱ्यांना वाटलं. ऐकायला ते शहाणपणाचं आहे. पण इंटरनेटवर फाइल पाठवणारा कॉम्प्युटर आपला वेग कसा ठरवतो बघा. तो हळूहळू वेग वाढवत नेतो आणि एखादं पॅकेट हरवलं की ‘वाट भरली’ असं समजून मागे येतो. हे शहाणपण व्हॅन जेकबसन यांनी दिलेलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेतली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली, जेमतेम ४०० यार्डांवरची लाईन ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळली. किलोबिट नव्हे, ४० बिट. तारायंत्राच्या वेगाने! त्याच्या शोधातून जेकबसननी १९८८ चा निबंध लिहिला आणि आज जगातला प्रत्येक फोन त्या निबंधाच्या वळणाने वागतो. त्या पद्धतीत हरवलेलं पॅकेट म्हणजे निरोप. बफर प्रचंड केला की पॅकेट हरवतच नाही, निरोप जातच नाही, आणि पाठवणारा सगळी रांग तुडुंब भरेपर्यंत वेग वाढवतच राहतो.

ही गोष्ट जगाच्या नजरेला आणली जिम गेटिस यांनी. हे एक्स विंडो सिस्टिम घडवणाऱ्यांपैकी एक आणि तेव्हा बेल लॅब्जमध्ये. २०१० साली घरून मोठ्या फाइली पाठवत असताना त्यांना पिंगचा आकडा एक सेकंदाच्या वर गेलेला दिसला. नेट आज स्लो आहे, अशी मुलांची तक्रार त्यांच्याही घरात होती. मी हे वाचलं तेव्हा आमच्या जिन्यातली ती रात्र आठवून हरखून गेले. त्यांनी या रोगाला ‘बफरब्लोट’ नाव दिलं, म्हणजे बफरचं फुगणं. मला पोट फुगलेलं आठवतं: खाल्लेलं पुढे सरकत नाही आणि वर आणखी खाणं चालूच.

मात्र गेटिस यांच्या पंचवीस वर्षं आधी एका माणसाने हे कागदावर मांडून ठेवलं होतं. जॉन नेगल, डिसेंबर १९८५. विषय असा की पॅकेट साठवायला अमर्याद जागा असलेलं यंत्र असेल तर काय होईल? उत्तर: रांग इतकी वाढेल की पॅकेटांचं आयुष्य रांगेतच संपेल, पलीकडे उपयोगाचं काहीच पोचणार नाही. आणि त्यांनी उपायही सुचवला. एक रांग नको, प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि प्रत्येकीतलं एकेक पॅकेट पाळीपाळीने सोडा. जो जास्त ढकलेल त्याचीच रांग लांबेल, दुसऱ्याची नाही.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतली गिरणी दिसली. लग्नघरचं दोन पोती दळण आलेलं असायचं आणि मागून कुणी लहान मुलगी अर्ध्या पायलीचा डबा घेऊन उभी राहायची. गिरणीवाले मामा पोतं सलग दळत बसायचे नाहीत. त्यातला एक डबा काढायचे, मग मुलीचं दळण, मग पुन्हा पोत्यातला एक डबा. लग्नघरचं दळण पाच मिनिटं उशिरा व्हायचं, त्यांना कळायचंही नाही. मुलगी मात्र लगेच घरी जायची. पंढरपूरलाही हेच आहे. पदस्पर्शाची बारी तासन्‌तास चालते आणि मुखदर्शनाची वाट वेगळी. ज्याला लांबून क्षणभर तोंड बघून निघायचंय त्याला त्या मोठ्या बारीत उभं करत नाहीत.

मामांची पद्धत यंत्राला शिकवणं मात्र सोपं नव्हतं. पॅकेटं लहानमोठी असतात. नुसती पाळी मोजली तर मोठ्या पॅकेटवाल्याचा फायदा. शिवाय लाखो पॅकेटांच्या धावपळीत गणित करायला वेळ नाही. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ मध्ये न्याय्य रांगेचं शास्त्र मांडलं, पण ते जड होतं. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी ते हलकं केलं. प्रत्येक रांगेच्या नावे एक खातं ठेवायचं. पाळी आली की ठरावीक बाइट खात्यात जमा, तेवढ्यात बसतील तेवढी पॅकेटं सोडायची आणि उरलेलं पुढच्या फेरीला. इतकी साधी युक्ती, दळणाच्या वहीत मांडता येईल अशी. हे वर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीतून १९८१ साली बीटेक झालेले. त्याच वर्षी मी नाशिकच्या बोर्डावर प्लग जोडायला शिकत होते. चव्वेचाळीस वर्षांनी त्यांच्या डोक्यातली वही माझ्या मुलीचा आवाज सांभाळते, या गोष्टीचा मला मनापासून आनंद होतो.

दुसरा धागा पुन्हा व्हॅन जेकबसन यांचाच. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि त्यांनी ‘कोडेल’ आणलं. रांग किती लांब आहे हे मोजायचंच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते मोजायचं. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकाही पॅकेटची वाट ५ मिलिसेकंदांखाली आली नाही, तर रांग फुगली असं समजून एक पॅकेट टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला निरोप मिळतो, तो वेग उतरवतो. थोडी रांग आली-गेली तर चालेल, मुक्काम ठोकून बसलेली चालणार नाही. मला हा नियम फार सुंदर वाटतो. यात कुठल्याही लाईनचा वेग माहीत असण्याची गरज नाही आणि माणसाने आकडे लावत बसायचीही नाही. एरिक दुमाझे यांनी हे दोन्ही धागे एकत्र विणले आणि २०१२ च्या जुलैमध्ये ते लिनक्समध्ये आलं. ‘एफक्यू कोडेल’ हे त्याचं नाव. १,०२४ रांगा आणि त्यात एक खास सोय: जो प्रवाह बारीक आहे, थोडंसं पाठवून थांबतो, त्याला आधी सोडायचं. आवाज नेमका तसाच असतो. ‘मी फोन आहे’ असं सांगण्याची त्याला गरजच पडत नाही.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण दुसरा पंथ ‘लाइटनिंग कॉल’वाला आहे. राऊटरच्या क्यूओएस पानावर जाऊन फोनच्या पॅकेटांना वरचा मान द्यायचा. काही घरात ते चालतं. पण ट्रंक बोर्डावर मी पाहिलंय, सणासुदीच्या दिवशी सगळेच अर्जंट बुक करायचे आणि मग अर्जंटची रांग ऑर्डिनरीएवढीच व्हायची. शिवाय आजचे कॉल बंद लिफाफ्यातून जातात, राऊटरला आत काय आहे दिसत नाही. शिक्क्यापेक्षा वागणुकीवरून ओळखणारी पद्धत मला अधिक न्यायाची वाटते.

या सगळ्याचा प्रसार करण्यात डेव्ह टॅट या माणसाने आयुष्य घातलं. गेटिस यांच्यासोबत २०११ पासून त्यांनी घरगुती राऊटरसाठी हे सगळं फुकट आणि खुलं करून दिलं, लोकांच्या तक्रारींना वर्षानुवर्षं स्वतः उत्तरं दिली. १ एप्रिल २०२५ ला ते गेले. दूरसंचारात काम केलेल्या आम्हा लोकांना त्यांचं नाव माहीत असायला हवं, म्हणून इथे लिहिते.

आता आमच्या घरी काय केलं ते. मोडेमची डबी बदलता येत नाही, ती केबलवाल्याची. पण रांग कुठे लागेल हे ठरवता येतं. रांग नेहमी सगळ्यात अरुंद ठिकाणी लागते. म्हणून डबीच्या मागे आपला एक राऊटर ठेवला, त्यावर ओपन डब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चढवली आणि एसक्यूएम नावाच्या पानावर ‘केक’ ही पद्धत निवडली. एफक्यू कोडेलची ही धाकटी बहीण २०१८ मध्ये लिनक्समध्ये आली आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला समान वाटा देते. मग अपलोडचा वेग मुद्दाम ७ मेगाबिटवर बांधला. ८ पैकी १ आपण सोडला, म्हणजे अरुंद ठिकाण आपल्या राऊटरमध्ये आलं. आता रांग तिथे लागते आणि तिथे मामा बसलेले आहेत. डबीचा बफर रिकामाच राहतो. त्या रात्री पुतण्याला म्हटलं, ‘लाव तुझे फोटो.’ पिंग १८ वरून २६ झाला, कधी ३०. साडेनऊला फोन आला. लेक पन्नास मिनिटं बोलली. वर फोटो जातच होते, ते नेहमीपेक्षा थोडे उशिरा संपले आणि पुतण्याच्या ते लक्षातही आलं नाही.

नवा राऊटर नको असेल त्यांनी निदान एवढं करावं: फोटोंचा बॅकअप रात्री एकनंतर लावावा, फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अपलोडचा वेग बांधून देण्याची सोय बहुधा असते ती वापरावी आणि कॅमेरे चोवीस तास बाहेर चित्र पाठवतात का ते तपासावं.

वायफायबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. आता बऱ्याच घरांत फायबर आलंय, अपलोडही डाउनलोडइतकं मिळतं आणि मग अरुंद जागा सरकून हवेत येते. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ठाण्याला नणंदेच्या फ्लॅटमध्ये मी शेजारपाजारची ३१ नेटवर्क मोजली, त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. तिथे ५ गिगाहर्ट्‌झवर जाण्याशिवाय इलाज नाही. दूरच्या खोलीतला एक जुना, मंद फोन हवेतला वेळ अडवून बाकीच्यांनाही मंद करतो, हेही खरं. वाईला मैत्रिणीचा वाडा आहे. हातभर जाडीच्या भिंती, माजघरात एकही कांडी दिसत नव्हती. तिच्या मुलाने महागडी यंत्रं आणायची ठरवली होती. आम्ही माळ्यावरून एक लॅन वायर ओढली, दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत, आणि टोकाला साधा राऊटर बसवला. तार ती तारच. ज्या फोनवर, कॉम्प्युटरवर रोज महत्त्वाचं बोलायचं असतं तिथपर्यंत तार नेता आली तर बाकीचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

एक्स्चेंजमधली एक खूणही सांगून ठेवते. स्वतःचाच आवाज घुमून परत ऐकू येत असेल तर दोष समोरच्या टोकाला असतो. त्यांच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो. आपला फोन झटकून उपयोग नाही, त्यांना इयरफोन लावायला सांगा.

इतिहास सांगायचा राहिलाच. फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने कॉम्प्युटरवरून बोलण्याचा पहिला खपाऊ प्रोग्रॅम आणला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे इंटरनेट जनतेला खुलं झालं, पण त्यावरून फोन करायला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ ला. २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरवलं. त्या वेगाच्या अपलोडवर १,५०० बाइटचं एकच पॅकेट दारातून जायला ४७ मिलिसेकंद घ्यायचं. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलणं सुरू झालं आणि आयएसडीचे बूथ संपले. किमान वेगाची व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. या प्रत्येक व्याख्येत वेग आहे. लाईन भरलेली असताना पॅकेट किती वेळ उभं राहतं, हे त्या आकड्यात येत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीत घर भरलेलं असेल, नातवंडं आलेली असतील, सगळ्यांचे फोन एकाच राऊटरला लटकलेले असतील. अशा एखाद्या संध्याकाळी फास्ट डॉट कॉमवर जा आणि खालची सविस्तर माहिती उघडा. तिथे लेटन्सीचे, म्हणजे पॅकेटला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचे, दोन आकडे दिसतात, एक लाईन मोकळी असतानाचा आणि दुसरा भरलेली असतानाचा. सेटिंगमध्ये जाऊन अपलोड चालू असताना मोजण्याची खूणही करा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी नेटवाला प्लॅन वाढवा म्हणाला की त्याला तो कागद दाखवा आणि विचारा, हा दुसरा आकडा किती कमी करून देणार?